आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांमधला रिसर्च पेपर नीट वाचायचा कसा

पीजीला असाल, एमपीएच करत असाल, नर्सिंगचा थिसिस चालू असेल किंवा वर्तमानपत्रात आरोग्याच्या बातम्या लिहीत असाल, तर आफ्रिकेतून आलेला एखादा पेपर कधी ना कधी समोर येतोच. आणि आपल्यातले बहुतेकजण करतात काय, तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) वाचतात, पी व्हॅल्यू (फरक योगायोगाने आला असेल का याचं माप) ०.०५ च्या खाली आहे का ते बघतात, शेवटची ओळ वाचतात आणि झालं. काहीजण तर "आफ्रिकेतलं आहे, आपल्याला काय उपयोग" म्हणून उघडतसुद्धा नाहीत. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. आपल्याकडे नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या आतल्या भागात जी परिस्थिती असते ना, म्हणजे ड्युटीवर एकच डॉक्टर, दोन सिस्टर, ऑक्सिजन आहे पण व्हेंटिलेटर लांबच्या शहरात, मूल तीन दिवस अंगावर काढून मग आणलेलं, तर अशा ठिकाणी एखाद्या उपचाराचं नक्की काय होतं हे बोस्टन-लंडनच्या पेपरात सापडत नाही. ते सापडतं केनियातलं किलिफी, युगांडातलं म्बाले, घानातलं नवरोंगो इथल्या पेपरात. म्हणून हे वाचायला शिकणं आपल्यासाठी फार गरजेचं आहे आणि ते अवघडही नाहीये, फक्त क्रम बदलावा लागतो.

मी इथे एकच पेपर मुख्य धरून चालतोय, फीस्ट ट्रायल. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, केनिया-युगांडा-टांझानियातल्या मुलांवरचा, टीमच्या प्रमुख कॅथरीन मेटलँड. बोलस म्हणजे थोड्या वेळात भराभर दिलेलं सलाईनसारखं द्रव, आणि त्याने अत्यवस्थ मुलं वाचतात का हे त्यात बघितलं. गूगलवर "फीस्ट ट्रायल फ्लुइड बोलस" एवढं टाकलं तरी मिळतो. शक्यतो तो शेजारी उघडून ठेवा आणि मग पुढचं वाचा, त्याशिवाय मजा नाही.

आधी गावं शोधा, अ‍ॅबस्ट्रॅक्ट नंतर

आफ्रिका म्हणजे पन्नासच्या वर देश, त्यामुळे "आफ्रिकेत असं आढळलं" या वाक्यातून तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. मेथड्समध्ये, म्हणजे अभ्यास कसा केला त्या भागात, जा आणि हॉस्पिटलांची नावं काढा. फीस्टमध्ये सहा हॉस्पिटलं आहेत: केनियात किलिफी, टांझानियात मुहेझाचं तेउले हॉस्पिटल, आणि युगांडात चार, कंपालाचं मुलागो, मग म्बाले, सोरोटी आणि गुलूचं लाकोर. मॅपवर बघा. किलिफी मोंबासाच्या उत्तरेला समुद्रकिनाऱ्यावर आहे, सोरोटी आणि गुलू पार आत. मग प्रत्येक ठिकाणाबद्दल दोनच गोष्टी विचारा, तिथे मलेरिया किती असतो आणि तिथल्या अत्यवस्थ पेशंटला काय काय मिळू शकतं. फीस्टच्या बाबतीत दुसऱ्याचं उत्तर पेपरातच दिलंय, या मुलांसाठी आयसीयूची सोय नव्हती. हे एक वाक्य पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा, कारण पूर्ण पेपरचा अर्थ त्याच्यावर उभा आहे आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टवर नजर टाकून पुढे जाणाऱ्याच्या हातातून हेच निसटतं.

कोण आत आलं आणि कोणाला बाहेर ठेवलं

आता इन्क्लुजन-एक्सक्लुजन. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायला हवा.

फीस्टमध्ये ६० दिवस ते १२ वर्षांची मुलं घेतली. ताप हवा, त्याच्यासोबत शुद्ध कमी झालेली असावी किंवा श्वासाला त्रास असावा, आणि रक्ताभिसरण बिघडल्याचं निदान एक तरी लक्षण हवं: कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ) ३ सेकंद किंवा जास्त, पाय गार आणि वर कोमट, मनगटाची नाडी क्षीण, किंवा ठोके खूपच वाढलेले. म्हणजे कॅज्युअल्टीत सिस्टर किंवा मेडिकल ऑफिसर हाताने तपासून ठरवू शकेल असे निकष, लॅक्टेटचा रिपोर्ट यायची वाट बघायची नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण ज्या हॉस्पिटलसाठी हे उत्तर शोधायचं होतं तिथे तपासणी अशीच होते.

बाहेर कोण ठेवलं? तीव्र कुपोषित मुलं, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेली मुलं, भाजलेली, अपघातातली, ऑपरेशनची. हे लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग टेबल १ बघा. ५७ टक्के मुलांना मलेरिया होता आणि साधारण एक तृतीयांश मुलांचं हिमोग्लोबिन ५ च्या खाली होतं. हे वाचल्यावर डोळ्यासमोर वॉर्ड उभा राहायला हवा, पांढरीफटक पडलेली, तापाने फणफणलेली, धापा टाकणारी दोन वर्षांची मुलं, आणि ब्लड बँकेत रक्त असेल-नसेल. तुमच्या डोळ्यासमोर जर पुण्याच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलचा पीआयसीयू (मुलांचा आयसीयू) येत असेल तर परत मेथड्सकडे जा.

आकडे स्वतः मांडून बघा

प्रश्न साधा होता. अशा मुलाला पहिल्या तासात भराभर सलाईन द्यायचं का? जगभरची पुस्तकं म्हणत होती द्या, २० मिली दर किलोला, लागलं तर अजून. आफ्रिकेतल्या कितीतरी हॉस्पिटलांत असं भराभर सलाईन देत नव्हते आणि तेव्हा अनेकांना वाटत होतं की ही तिथली उणीव आहे, ती भरून काढली की मुलं वाचतील. फीस्टमध्ये तीन गट केले. एकाला अल्ब्युमिनचा (रक्तातलं प्रथिन असलेल्या द्रवाचा) बोलस, एकाला नॉर्मल सलाईनचा बोलस, आणि तिसऱ्याला बोलस नाही, नुसतं मेंटेनन्स, म्हणजे शरीराला लागतं तेवढंच पाणी हळूहळू. बाकी उपचार तिघांनाही सारखे, अँटिबायोटिक, मलेरियाचं औषध, लागेल तिथे रक्त, ऑक्सिजन.

४८ तासांत किती मुलं दगावली ते बघा. अल्ब्युमिन १०५० पैकी १११. सलाईन १०४७ पैकी ११०. बोलस नसलेली १०४४ पैकी ७६. कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः टक्के काढा: १०.६, १०.५ आणि ७.३. बोलसच्या दोन्ही गटांची बेरीज करून फरक काढला तर शंभर मुलांमागे साधारण ३.३ मृत्यू जास्त. म्हणजे अंदाजे दर ३० मुलांना बोलस दिला की एक मूल असं गेलं जे न देता कदाचित वाचलं असतं. पेपरात रिलेटिव्ह रिस्क (एका गटातला धोका दुसऱ्याच्या किती पट) १.४५ लिहिलंय आणि ते बरोबरच आहे, पण "१.४५" वाचून पोटात काही हलत नाही. तीसात एक म्हटलं की हलतं. म्हणून माझा आग्रह असतो की रिलेटिव्ह रिस्क दिसला की त्याचं शंभरातले किती असं रूपांतर केल्याशिवाय पान उलटायचं नाही. चार आठवड्यांचा आकडापण बघा, तिथेही फरक तसाच टिकून आहे, १२ टक्क्यांच्या आसपास विरुद्ध ८.७, म्हणजे नुसतं मरण दोन दिवस अलीकडे आलं असं नाही.

ट्रायल कुठे थांबली तेही बघायचं. ३६०० मुलं घ्यायची होती, ३१४१ वर जानेवारी २०११ मध्ये स्वतंत्र देखरेख समितीच्या सल्ल्याने थांबवली. अशी समिती कोणती, ती कधी कधी आकडे बघणार हे प्रोटोकॉलमध्ये आधी लिहिलंय का, हे कुठलीही ट्रायल वाचताना शोधा. मध्येच थांबवलेल्या ट्रायलचे आकडे थोडे फुगलेले असण्याची शक्यता असते म्हणून हा प्रश्न, पण इथे तीन हजारांच्या वर मुलं झाली होती आणि दोन्ही बोलस गट अगदी एकासारखे एक वागले होते, त्यामुळे मला तरी त्यात शंका घ्यायला जागा दिसत नाही.

डोळ्याला बरं दिसणं आणि जगणं

हा भाग मूळ पेपरात फार नाही, २०१३ साली त्याच टीमने मृत्यूंचं वेगळं विश्लेषण छापलं त्यात आहे, आणि माझ्या मते फीस्टमधलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. एका तासाने तपासलं तेव्हा शॉकची (रक्ताभिसरण बिघडल्याची) लक्षणं गेलेली मुलं बोलसच्या गटात जास्त होती, ४३ टक्के विरुद्ध ३२. म्हणजे वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरला काय दिसलं असेल? सलाईन दिलं, हातपाय कोमट झाले, नाडी लागायला लागली, मूल सुधारतंय. आणि तरीही त्याच गटात मुलं जास्त गेली, नंतरच्या तासांमध्ये. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं फुप्फुसात पाणी झालं असेल किंवा मेंदूला सूज आली असेल, पण जास्तीचे मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळून झाले होते.

आता विचार करा, या ट्रायलने मृत्यूऐवजी "एका तासात शॉक सुटला का" एवढंच मोजलं असतं तर निष्कर्ष बरोबर उलटा आला असता, आणि तो उलटा निष्कर्ष सगळीकडे शिकवला गेला असता. म्हणून कुठलाही पेपर घेतला की विचारा, मुख्य आउटकम, म्हणजे ज्यावरून निकाल ठरतो ते मोजमाप, काय आहे? पेशंटला स्वतःला जाणवेल असं काही आहे, जगणं, चालणं, परत अ‍ॅडमिट होणं, की फक्त डॉक्टरला किंवा मशिनला दिसणारं? दुसरं असेल तर पेपर टाकून द्यायचा असं नाही, पण त्याच्यावर वॉर्डातली पद्धत बदलायची घाई करायची नाही.

फीस्टवर टीकापण भरपूर झाली, ती वाचाच. शॉकची व्याख्या फार सैल होती, मलेरिया जास्त होता, अ‍ॅनिमिया जास्त होता, असं बरेच मोठे डॉक्टर म्हणाले. अशा वेळी पेपरातला उपगटांचा तक्ता काढायचा. मलेरिया असलेले-नसलेले, अ‍ॅनिमिया असलेले-नसलेले, सगळीकडे बोलसची बाजू नुकसानीकडेच झुकलेली दिसते. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या सवयीच्या विरुद्ध निकाल आला की एखादा उपगट शोधून "बघा, आमच्या पेशंटला हे लागू नाही" म्हणायचा मोह फार होतो. उपगट बघा, पण आपल्याला काय हवंय ते आधी ठरवून बघू नका.

हो कोण म्हणालं?

बेशुद्ध मूल आणि घाबरलेली आई, अशा वेळी चार पानी संमतीपत्र वाचून दाखवणं शक्य नसतं. फीस्टमध्ये एथिक्स कमिट्यांनी परवानगी दिली होती की जिथे आधी लेखी संमती घेणं जमत नाही तिथे पालकांना थोडक्यात सांगून तोंडी होकार घ्यायचा आणि मूल स्थिरावल्यावर सविस्तर सांगून लेखी घ्यायची. यावर दोन बाजूंनी बोलता येतं आणि बोलावंच. पण वाचणाऱ्याने बघायचं ते हे, की पेपरात ही गोष्ट उघडपणे लिहिली आहे का, परवानगी देणारी कमिटी त्याच देशातली आहे का, आणि गावातल्या लोकांशी आधी बोलणं झालं होतं का. "एथिकल क्लिअरन्स घेतला" एवढी एकच ओळ असेल तर ती पुरेशी नाही असं समजा.

का पुरेशी नाही त्यासाठी १९९६ चं कानो आठवावं लागतं. उत्तर नायजेरियात मेनिंजायटिसची भयंकर साथ चालू होती आणि फायझर कंपनीने कानोच्या संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलात साधारण २०० मुलांवर ट्रोव्हाफ्लॉक्सासिन या नव्या औषधाची चाचणी घेतली, निम्म्यांना नवं औषध आणि निम्म्यांना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. ११ मुलं गेली, ५ नव्या औषधाच्या गटात, ६ जुन्याच्या. नुसते हे आकडे बघितले तर वाटेल यात काय एवढं. पण प्रश्न आकड्यांचा नव्हताच. आपलं मूल प्रयोगात आहे हे आईवडिलांना माहीत होतं का, आणि त्याच आवारात दुसरी संस्था नेहमीचे उपचार फुकट देत होती हे त्यांना सांगितलं होतं का, असे प्रश्न होते, शिवाय एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र मागची तारीख टाकून नंतर केलेलं होतं असं पुढे आलं. कंपनीने चूक कधी मान्य केली नाही, २००९ मध्ये कानो राज्याबरोबर साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली. २००३ मध्ये कानोसकट उत्तर नायजेरियातल्या काही राज्यांनी पोलिओचं लसीकरण थांबवलं, त्यामागच्या अविश्वासाची जी कारणं सांगितली जातात त्यात हे प्रकरण येतंच. एका वॉर्डातली संमती नीट घेतली नाही तर किंमत पुढे कुठे आणि कोणाला मोजावी लागते ते बघा.

हॉस्पिटल म्हणजे गाव नव्हे

हॉस्पिटलच्या पेपरात मोजलेली माणसं ही हॉस्पिटलपर्यंत पोचलेली माणसं असतात. जे घरीच गेले, वाटेत गेले, भगताकडे गेले ते त्यात नाहीत. म्हणून "या भागात अमुक आजार २० टक्के" असं हॉस्पिटलच्या पेपरवरून कोणी लिहिलं की लगेच विचारायचं, खालचा आकडा, म्हणजे एकूण किती लोकांमधून हे, कुठून आणला?

किलिफीमध्ये यावर जे केलंय ते समजून घेण्यासारखं आहे. २००० सालापासून हॉस्पिटलच्या आसपासचा साधारण ८९० चौरस किलोमीटरचा भाग ठरवून घेतलाय, त्यात अडीच लाखांच्या वर लोक, आणि काही महिन्यांनी परत परत घरोघर जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं याची नोंद होते. मूल वॉर्डात आलं की त्याचं नाव त्या यादीशी जुळवतात. त्यामुळे किती पेशंट आले हेही कळतं आणि किती लोकांमधून आले हेही. केनियात २०११ मध्ये न्यूमोकॉकलची लस सुरू झाल्यावर किलिफीतून सांगता आलं की लसीत असलेल्या प्रकारांमुळे होणारा गंभीर आजार पाच वर्षांखालच्या मुलांत ९२ टक्क्यांनी कमी झाला. अशी यादी हाताशी नसती तर नुसतं "पेशंट कमी झाले" एवढंच म्हणता आलं असतं, आणि पेशंट तर संप झाला तरी कमी होतात. दक्षिण आफ्रिकेत अगिनकोर्ट इथे अशीच नोंद १९९२ पासून चालू आहे. पेपरात "एचडीएसएस" ही अक्षरं दिसली की समजायचं, मागे अशी घरोघरची यादी आहे, वाचायला घ्या.

घरी झालेल्या मृत्यूचं कारण कसं काढतात? व्हर्बल ऑटॉप्सी. प्रशिक्षित माणूस घरी जातो, ताप किती दिवस होता, फिट आली का, दूध ओढत होतं का असे ठरलेले प्रश्न विचारतो आणि नंतर डॉक्टर किंवा कॉम्प्युटर प्रोग्रॅम कारण ठरवतो. यात मलेरिया, न्यूमोनिया आणि सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) यांची सरमिसळ होतेच, तापाने गेलेलं मूल तिन्हींसारखं दिसतं. त्यामुळे व्हर्बल ऑटॉप्सीवरून "इतके टक्के मलेरियाने" असं असेल तर तो आकडा सैल हातानेच धरायचा.

इथे आपल्या घरची एक गोष्ट येते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, १९९९ च्या लॅन्सेटमध्ये ते आलं, नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. पुढे ही कल्पना आफ्रिकेत गेली. घानात किंटांपोच्या भागात न्यूहिंट्स नावाची मोठी ट्रायल झाली, २०१३ च्या लॅन्सेटमध्ये आली, आणि तिथे मृत्युदर फक्त ८ टक्क्यांनी कमी, तोही असा की योगायोगाने आला असेल तर सांगता येत नाही. वरवर वाचणारा म्हणेल एकतर गडचिरोलीचं खोटं किंवा घानात काम नीट झालं नाही. पण मेथड्स शेजारी शेजारी ठेवा. गडचिरोलीत तुलनेच्या गावांत हजारामागे ६० च्या आसपास बाळं जात होती, घानात ३२. गडचिरोलीत आरोग्यदूत घरीच सेप्सिसचं इंजेक्शन देत होती, घानात स्वयंसेवक बाळ तपासून हॉस्पिटलला पाठवत होते. आणि घानात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे रँडम पाडले होते, गडचिरोलीत एक भाग आणि त्याच्या तुलनेला दुसरा भाग असं होतं. तीन फरक झाले की उत्तर वेगळं येणारच. एकाच नावाचा कार्यक्रम दोन ठिकाणी एकच नसतो, हे मी विद्यार्थ्यांना सांगून सांगून थकत नाही.

लसीतही तेच. पुण्याच्या सीरममध्ये बनणारी आर२१ ही मलेरियाची लस, तिची मोठी ट्रायल बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात झाली, ४८०० मुलं. वर्षभरात संरक्षण किती? पेपरात दोन आकडे आहेत, ७५ टक्के आणि ६८ टक्के. पहिला अशा ठिकाणचा जिथे मलेरिया पावसाळ्यापुरता येतो आणि लस बरोबर त्याच्या आधी दिली, दुसरा जिथे तो वर्षभर असतो. बातमीत बहुतेकदा एकच आकडा येतो, मोठा असेल तो. बातमी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की दोन्ही द्या, कारण ज्या देशात ती लस टोचायची आहे तिथला पाऊस कसा आहे यावर सगळं अवलंबून आहे.

गटाने वाटलेल्या ट्रायल

कधी कधी एकेका पेशंटला वाटून चालत नाही, पूर्ण हॉस्पिटलच एका गटात टाकावं लागतं. ई-मोटिव्ह बघा, २०२३, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, ८० हॉस्पिटलं, दोन लाखांच्या वर बाळंतपणं. बाळंतपणानंतर रक्त किती गेलं हे नुसतं बघून न ठरवता खाली माप असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, आणि रेषेवर रक्त पोचलं की मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू. मुख्य आउटकम, म्हणजे एक लिटरच्या वर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, ४.३ टक्क्यांवरून १.६. अशीच माप असलेली पिशवी बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजातल्या अभ्यासात कितीतरी आधी वापरली होती, २००६ चे पेपर आहेत, तेही काढून वाचा.

अशा ट्रायलमध्ये दोन लाख आकडा बघून भारावून जायचं नाही, खरी संख्या ८० आहे, कारण एका हॉस्पिटलातल्या बायकांना सेवा सारखीच मिळते. आणि आउटकममध्ये तीन गोष्टी एकत्र बांधल्यात, तर फरक कशामुळे पडला ते सोडवून बघायचं. इथे तो बहुतांशी रक्तस्रावाच्या मोजमापाने पडलाय, मृत्यू दोन्ही बाजूंना थोडे असल्यामुळे त्यावर वेगळं काही ठामपणे म्हणता येत नाही. तरी एवढ्या बायकांचं रक्त वाचणं ही लहान गोष्ट नाही, ज्यांनी लेबर रूममध्ये रात्र काढली आहे त्यांना ते सांगायला नको.

पैसे कोणाचे आणि नावं कोणाची हे शेवटच्या पानावर असतं, तेही बघा. फीस्टला पैसे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे होते, बोलसची औषधं बॅक्स्टरने दिलेली, आणि निकाल त्या औषधांच्या विरुद्ध आला तरी छापला गेला. लेखकांमध्ये त्या त्या हॉस्पिटलचे डॉक्टर आहेत का, पहिल्या-शेवटच्या नावांत आहेत का, की फक्त आभारात, यावरून काम कोणी केलं आणि ठरवलं कोणी याचा अंदाज येतो.

आपल्या वॉर्डात काय करायचं

आता मघाशी लिहून ठेवलेला एक्सक्लुजनचा भाग काढा. फीस्ट वाचून जुलाबाने सुकलेल्या मुलाचं सलाईन थांबवायचं का? अजिबात नाही, ती मुलं ट्रायलमध्ये नव्हतीच. पावसाळ्यात डेंग्यूचा शॉक आला तर? त्यात रक्तातलं पाणी बाहेर झिरपत असतं, त्याचे वेगळे प्रोटोकॉल आहेत, तेच पाळायचे. पण ताप, गार हातपाय, गुंगी, बीपी पडलेलं नाही आणि आयसीयू जवळ नाही, असं मूल समोर असेल तर मात्र हा पेपर थेट तुमच्याशी बोलतोय. २०२० च्या मुलांच्या सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येसुद्धा हे आलंय की जिथे इंटेन्सिव्ह केअर नाही आणि बीपी कमी नाही तिथे बोलस न देता मेंटेनन्स सुरू करायचं. अर्थात एकट्याने एक पेपर वाचून रातोरात पद्धत बदलू नका, युनिटच्या हेडसोबत, सिस्टरांसोबत बसा, प्रोटोकॉल लिहून भिंतीवर लावा आणि मग सगळ्यांनी तसंच करा.

पेपर शोधायचे तर पबमेड सेंट्रलवर बरेच फुकट आहेत, मलेरिया जर्नल पूर्ण खुलं आहे, आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइनवर तिथल्या देशांतलीच मासिकं मिळतात जी आपण कधी उघडत नाही. ट्रायल आधी नोंदवली होती का हे पॅन आफ्रिकन क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत किंवा आयएसआरसीटीएनमध्ये बघता येतं, आपल्याकडच्या सीटीआरआय या ट्रायल नोंदणीसारखंच आहे. नोंदणीतला मुख्य आउटकम आणि छापलेला मुख्य आउटकम एकच आहे का हे ताडून बघायला पाच मिनिटं लागतात.

सरावाला अ‍ॅक्वामॅट घ्या. लॅन्सेट, २०१०, नऊ आफ्रिकी देशांतली ११ केंद्रं, गंभीर मलेरियाची ५४२५ मुलं, क्विनिन विरुद्ध आर्टेसुनेट, मृत्यू १०.९ टक्के आणि ८.५ टक्के. आशियात हीच तुलना २००५ मध्ये होऊन गेली होती आणि आर्टेसुनेट स्पष्ट जिंकलं होतं. मग आफ्रिकेतल्या मुलांवर परत करायची गरज का पडली, फायदा आशियापेक्षा कमी का दिसला, आणि शंभर मुलांमागे किती जास्त वाचली, या तीन प्रश्नांची उत्तरं अ‍ॅबस्ट्रॅक्ट झाकून, फक्त मेथड्स आणि तक्त्यांवरून वहीत लिहा आणि पुढच्या जर्नल क्लबला घेऊन या.